आमच्या सुतळीची ओळ

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा मोबाईलवर टाईप केलं आणि पुसलं. दुसऱ्यांदा तर पूर्ण लिहून झाल्यावर पुसलं, कारण वाचताना लक्षात आलं की मी स्वतःला जरा बरा माणूस करून ठेवलाय. तसा मी नाही. मी जळतो. दुसऱ्याचं पीक बघून जळतो, त्याचा नवा शर्ट बघून जळतो, माझा बाप त्याच्याशी ज्या आवाजात बोलतो तो आवाज ऐकून तर फारच जळतो. आत्ता पॅकिंग शेडच्या मागे रिकाम्या क्रेटवर बसून लिहितोय. हाक आली की उठावं लागतं. तुटक वाटलं तर वाटू दे.

ज्याच्यावर जळतो तो माझा मित्रच आहे. त्याला सगळे शिट्ट्या म्हणतात. काम करताना तोंडात सतत शिट्टी असते म्हणून. त्याचा बाप लवकर गेला. आमचं शेत आणि त्याचं शेत यांच्यामध्ये एक बांध, आणि बांधाच्या दोन्ही बाजूंना माझे बाबा. त्याला खत कधी टाकायचं ते बाबा सांगणार. त्याचा पंप बंद पडला की बाबा जेवणावरून उठणार. तो त्यांना काका म्हणतो. पण असं म्हणतो की ऐकणाऱ्याला वाटावं, काका हे बापाच्या वरचं पद आहे.

दोघांकडे टोमॅटो. गेल्या हंगामात दोघांचाही व्हायरसनं खाल्ला. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, शेंड्याची पानं आक्रसून दोरीसारखी, फळावर तपकिरी, खरबरीत डाग. आम्ही अर्धं शेत उपटून टाकलं होतं.

या हंगामात रोपवाटिकेच्या बाईंनी नवी जात आणली. व्हायरस न येणारी. रोप महाग. मी बाबांना म्हटलं, घेऊया. बाबा म्हणाले, "नवीन आहे. एक हंगाम दुसऱ्याच्या शेतात बघू." दुसरा कोण, तर शिट्ट्या. त्यानं घेतली. तेव्हा बाबा आईला म्हणाले, "पोराच्यात हिंमत आहे."

मी घेऊ म्हणालो तेव्हा ती हिंमत नव्हती. हट्ट होता.

मग सुतळीचं झालं. टोमॅटोला वर तार ओढतात, तारेवरून प्रत्येक झाडाला एक सुतळी खाली सोडतात, आणि झाड वाढेल तसं तिला गुंडाळत नेतात. हंगाम संपला की आम्ही सुतळी फेकत नाही. वाळलेली झाडं झटकायची, सुतळी गुंडाळून भेंडोळी करून माळ्यावर टाकायची. तुटलेले तुकडे आई जोडते. दुहेरी गाठ मारते आणि उरलेलं टोक दातांनी तोडते. आईची गाठ मी अंधारातही ओळखेन, इतकी ती जाड आणि बेढब असते.

शिट्ट्या दारात उभा होता. म्हणाला, "काका, सुतळी कमी पडतेय. दोन ओळींपुरती."

बाबा माळ्यावर चढले आणि चांगलं भेंडोळं काढलं. जाड सुतळीचं.

"ते आपल्याला लागेल," मी म्हटलं.

"आपल्याला बारीक चालेल."

"बारीक तुटते."

"मग आई जोडेल," बाबा म्हणाले आणि भेंडोळं त्याच्या हातात दिलं. शिट्ट्या माझ्याकडे बघून हसला. खरं सांगायचं तर साधंच हसला. पण मला ते कितीतरी दिवस दिसत राहिलं.

आमच्यात कामाची अदलाबदल असते. सकाळी तो आमच्याकडे, दुपारनंतर मी त्याच्याकडे. पानांच्या बेचक्यातली बगलफूट खुडायची, शेंडा सुतळीला वळवायचा, पुढच्या झाडावर जायचं. टोमॅटोच्या झाडाचा रंग हाताला चढतो, आधी हिरवा, मग काळा. साबण लावला की फेस पिवळा होतो. घरी जेवताना भाकरीच्या तुकड्याला सुद्धा तो वास येतो.

हंगाम अर्ध्यावर आला आणि आमच्या झाडांनी मान टाकायला सुरुवात केली. पुन्हा तेच चट्टे. बांधापलीकडे त्याचं शेत मात्र असं की बघवत नव्हतं. पानं रुंद, गडद, एकसारखी. फळं घोसानं. तो सकाळी आमच्या आजारी झाडांमध्ये शिट्टी वाजवत फिरायचा, आणि मला वाटायचं, याच्या तोंडात काहीतरी कोंबावं.

माल न्यायला गाडीवाला यायचा तेव्हा तर नकोच व्हायचं. तो क्रेटमध्ये हात घालून खालची फळं वर काढतो, वरच्यांवर त्याचा विश्वास नाही. आमच्या क्रेटमधून त्यानं एक डागाळलेलं फळ काढलं, अंगठ्यानं खरवडलं, आणि पँटला अंगठा पुसला.

"हे मागे टाका," तो म्हणाला. "पुढं त्याचे लावा. दार उघडलं की चांगला माल दिसला पाहिजे."

मग मीच शिट्ट्याचे क्रेट उचलून पुढं लावले. माझ्या क्रेटसमोर.

त्या दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "विहिरीजवळचा तुकडा पुढच्या हंगामात भाजीला काढायचा म्हणतोय."

त्या तुकड्याची मी कधीपासून वाट बघत होतो. कधीच टोमॅटो न लावलेली माती, हाताशी पाणी. माझ्या डोक्यात त्याच्या ओळीसुद्धा आखून झाल्या होत्या.

"मी करतो," मी म्हटलं.

बाबा पाणी प्यायले. "हे पीक कसं निघतंय ते बघू. नाहीतर शिट्ट्याला वाट्यानं देऊ. त्याचा हात चांगला आहे."

"आणि मी काय करू?"

"पॅकिंग शेडला माणसं लागतात की."

आई म्हणाली, "अहो, जेवताना तरी."

"जेवताना नाही तर केव्हा? एरवी हा ऐकतो कुठं!"

म्हणजे असं होतं सगळं. माझं आजारी पीक एका बाजूला, त्याचं निरोगी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये विहिरीजवळचा तुकडा.

नंतर एका दुपारी मी त्याच्या कडेच्या ओळीत शेंडे वळवत होतो आणि हाताखाली एक पान आलं. आक्रसलेलं. कडेला हिरवं, मध्ये पिवळट, आणि लांबट झालेलं, जसं कुणी दोन्ही टोकांनी धरून ओढलंय. मी थांबलो. बोटांनीच कळलं होतं, डोळ्यांना नंतर कळलं.

आता ते लिहितो, जे आधी दोनदा पुसलं. मला आनंद झाला. छातीत थंड पाणी सुटल्यासारखं वाटलं. मी त्या पानाकडे असा बघत राहिलो जसं कुणी स्वतःच्या नावाचं बक्षीस बघतं.

मग लगेच हाक मारली. खरंच लगेच. "शिट्ट्या, इकडं ये. तुझ्याकडं पण आला."

शिट्टी बंद झाली. तो ओळीतून वाकून आला, पान बघितलं, उलटं करून बघितलं.

"उन्हानं झालंय."

"ऊन काय एकाच झाडावर पडतं?"

"या जातीला येत नाही व्हायरस. बाईंनी बियाण्याचं पाकीट दाखवलंय, त्यावर छापलंय."

"पाकिटावर छापलेलं झाडाला वाचता येतं का?"

तो सरळ उभा राहिला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. "तू हसतोयस."

"कोण हसतंय!"

"आत्ता हसत होतास. कधीची वाट बघत होतास ना? रोज येऊन पानं चाचपतोस ते मला दिसत नाही का?" त्यानं ते पान खुडलं आणि पायाखाली चिरडलं. "जळकुकडा साला. उद्यापासून नको येऊस. मी माझं करतो."

हसत असेनही.

घरी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "दुसऱ्याचं वाईट चिंतून आपलं भलं होत नसतं रे." जसं काही मीच ते पान आक्रसवून आलो होतो. आईनं हळूच सांगितलं, "कुणाजवळ बोलू नकोस. उद्या खरंच काही झालं तर म्हणतील, यानंच नजर लावली."

म्हणजे मी जळतो हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटत होतं मी ते चांगलं लपवलंय.

दुसऱ्या दिवशी तो गाडीवाल्याकडे गेला होता तेव्हा मी बांध ओलांडला. मला एवढंच बघायचं होतं की एक झाड आहे की जास्त. जास्त होती. कडेच्या दोन ओळींत, एक सोडून एक म्हणावं तशी, शेंडे बारीक झालेले. तिसऱ्या ओळीत एकही नाही. चौथीत नाही. मी परत पहिल्या ओळीशी आलो आणि एका आजारी झाडाचा शेंडा उचलून धरला, तेव्हा अंगठ्याला काहीतरी लागलं.

गाठ. जाड, बेढब, दुहेरी, टोक दातांनी तोडलेलं.

पुढच्या झाडाला गाठ नव्हती, पण सुतळी तीच, आमची जाड. दोन्ही ओळी आमच्या सुतळीच्या. तिसरीपासून त्याची स्वतःची नवी, पिवळी सुतळी.

मी तिथंच मातीत बसलो. ज्या भेंडोळ्यासाठी मी बाबांवर एवढा चिडलो होतो, ते भेंडोळं.

आमच्या झाडाचं एक पान आणि त्याच्या झाडाचं एक पान ओल्या कागदात वेगवेगळं गुंडाळलं आणि बसनं तपासणी केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी पानं कुटली, पाण्यात कालवली, त्यात कागदी पट्ट्या बुडवल्या. दोन्ही पट्ट्यांवर रेघ उमटली.

"कुठलं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"हे आमचं. जुनी जात. हे मित्राचं. नवी, व्हायरस न येणारी."

मॅडमनी दुसरी पट्टी उजेडात धरली. चेहरा बदलला त्यांचा. "नवीला आला म्हणजे हा साधा नाही. हा शिकलेला आहे."

"शिकतो कसा? त्याला डोकं कुठं असतं?"

"नसतंच. बस जरा." त्यांनी हातमोजे काढले. "नव्या जातीत एक राखणदार असतो असं समज. तो व्हायरसला एका खुणेवरून ओळखतो आणि शिरला तिथंच कोंडून मारतो. आता तुझ्या जुन्या झाडात राखणदार नाही. तिथं व्हायरस आपल्या नकला काढत बसतो, ढिगानं. आणि नकला काढायला फार धसमुसळा आहे तो, सारख्या चुका करतो. एखाद्या नकलेत नेमकी तीच खूण बिघडते. तुझ्या शेतात त्या नकलेला कुणी विचारत नाही. बाकीचे तिच्यापेक्षा दणकट असतात, तिला मागं रेटतात. पण तीच उचलून नव्या झाडावर नेऊन ठेवली तर? बाकीचे सगळे दारात मरतात. ही एकटी आत जाते. आत दुसरं कुणीच नाही. अख्खं घर तिचं."

मी सुतळीचं सांगितलं.

"वाळलेल्या रसात महिनोन् महिने जिवंत राहतो हा. सुतळीवर, काठीवर, कपड्यावर." त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. "हात धुता का, एका शेतातून दुसऱ्यात जाताना?"

"संध्याकाळी धुतो. घरी."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, नमुना पुढं मोठ्या तपासणीला पाठवते, पण तेवढं थांबू नका. आजारी ओळी आणि शेजारची एक ओळ उपटा. गाडून टाका. सुतळी जाळा. "आणि शेजारी तुझं शेत उभं आहे तोवर कारखाना चालूच आहे. तिथून रोज नव्या नकला निघणार."

"म्हणजे आमचं पण?"

"तुमचं आधी."

दारात मी परत वळलो. "मॅडम, मित्राला तुमच्या सहीचं काही लिहून द्याल का? माझं तो ऐकणार नाही."

"का? भांडण झालंय?"

"मी जळतो त्याच्यावर."

त्यांनी एका चिठ्ठीवर आकडे लिहिले. "माझा फोन नंबर दे त्याला," एवढंच म्हणाल्या.

बसमध्ये माझ्या डोक्यात त्या नकलेचंच चाललं होतं. घरात जिला कुणी विचारत नाही, जी मागं रेटलेली. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही.

शिट्ट्या बांधावर पाईप जोडत होता. मी सगळं सांगितलं. पट्ट्या, राखणदार, आईची गाठ, नंबर. त्यानं पाईपवरून मान वर केली नाही.

"म्हणजे मी माझ्या तीन ओळी उपटायच्या."

"हो."

"तू सांगतोस म्हणून."

"मॅडमना फोन कर."

"तुमच्या शेतातून आला ना? तुमच्याच सुतळीवरून?" आता तो उठला. पँटला हात पुसले. "मग तू उपट आधी. सगळं. विहिरीजवळच्या तुकड्याचं काकांनी सांगितलंय मला. त्यासाठी माझ्या ओळी उपटवायला निघालास, मला कळत नाही का? तुझं शेत मोकळं कर, मग माझ्या झाडाला हात लाव."

त्याला माहीत होतं मी ते करणार नाही. आमची झाडं आजारी होती, पण फळ देत होती. मागं टाकायचे का होईना, क्रेट भरत होते. ती उभी आहेत तोवर पीक निघालं म्हणता येत होतं. उपटली की विहिरीजवळचा तुकडा गेला, आणि गेला कुणाकडे, तर त्याच्याकडे.

मी रागानंच उपटायला लागलो, हे सांगून ठेवतो. मोठेपणा वगैरे काही नव्हता. त्याला खोटं पाडायचं होतं, बस्स.

सकाळी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. आधी विळ्यानं सुतळी वरून कापायची, मग झाड बुडाशी धरून ओढायचं. टोमॅटोचं झाड सहज येत नाही. मुळं माती घट्ट धरून असतात, कंबरेतून ओढावं लागतं. पिकत आलेली फळं गळून पायाखाली येत होती आणि फुटत होती. चौथ्या ओळीपर्यंत हातांची सालटं निघाली.

बाबा आले. "काय चाललंय हे?"

मी सांगितलं. ओढत ओढतच सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढं झालं नसतं.

"वेड लागलंय तुला. अजून दोन तोडे निघतील."

"निघतील. आणि त्याचं सगळं जाईल."

"त्याचं जाऊ दे की!" बाबा म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या बाजूचं काही बोलले होते, आणि तेही नको त्या वेळी. मला हसू आलं. रडूही आलं असेल, घामात कळत नव्हतं.

आई गोणी घेऊन आली होती. तिनं जमिनीवर पडलेली सुतळी उचलली, स्वतःची गाठ अंगठ्यानं चाचपली. "ही पण जाळायची?"

"ही आधी."

ती गोळा करायला लागली. थोड्या वेळानं बाबांनी शर्ट काढून बांधावर टाकला आणि दुसऱ्या टोकाकडून ओढायला सुरुवात केली. त्यांना माझ्यापेक्षा जास्त जोर आहे अजून, हेही मला आवडलं नाही.

दुपारी शिट्ट्या बांधावर येऊन उभा राहिला. तोंडात शिट्टी नाही. आमचं अर्धं शेत मोकळं झालं होतं आणि तारा नुसत्याच हलत होत्या.

"खरंच उपटलंस," तो म्हणाला.

"तूच म्हणालास."

तो खाली उतरायला लागला, मदतीला. मी ओरडलो, "ए, थांब! इकडं पाय टाकू नकोस. इथला चीक तिकडं घेऊन जाशील."

तो एक पाय हवेत ठेवून थांबला. मग परत फिरला. जरा वेळानं बांधापलीकडून मुळं सुटल्याचा तो आवाज आला. त्याच्या कडेच्या ओळीतून.

त्याच्या तीन ओळी गेल्या. नंतर चौथीतली दोन-चार झाडंही काढावी लागली. बाकी शेत राहिलं, आणि शेवटपर्यंत चांगलं निघालं. मॅडमचा फोन आला, व्हायरस बदललेलाच होता. आमच्या त्या शेतात आता मका आहे. मॅडमनीच सांगितलं, टोमॅटो किंवा मिरची तिथं इतक्यात लावू नका म्हणून.

आणि विहिरीजवळचा तुकडा बाबांनी शिट्ट्यालाच दिला. मला वाटत होतं बदलतील. नाही बदलले. म्हणाले, "तू चांगलं केलंस. पण पीक त्यानं काढलं." मी पॅकिंग शेडमध्ये लागलो. इथं गाड्या भरतो. दार उघडलं की दिसेल असा माल पुढं लावायचा, हे मला आधीच येत होतं.

आज सकाळी तो स्वतःच आला होता, विहिरीजवळच्या तुकड्यातले पहिले क्रेट घेऊन. ते क्रेट मीच उतरवले. फळं अशी की एकावरही बोट ठेवायला जागा नाही. तरी मी शोधत होतो.

"अजून जळतोस?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं झालं." त्यानं चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "काका येतात, फळं बघतात, खूश होऊन जातात. मी पण फळंच बघतो. पानं कुणी बघतच नाही रे. त्या वेळी ते एक पान तूच बघितलंस, कारण तू माझं वाईट शोधत होतास. तसं शोधणारं दुसरं कुणी नाही माझ्याकडं."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी येत जा. ओळीतून फिर. जळ पाहिजे तेवढं. पण काही दिसलं तर सांग."

मी चहा संपवला. माझे बाबा रोज ज्या तुकड्यात जातात तिथं पाहुण्यासारखं जायचं, त्याच्या ओळी बघायच्या, ज्या मी कधीच्या माझ्या म्हणून आखून ठेवल्या होत्या. पोटात दुखलं. अजून दुखतंय.

मुकादम हाक मारतोय, त्यामुळं शेवटचं लिहितो आणि हे शिट्ट्यालाच पाठवतो, म्हणजे मला पुसता येणार नाही. शिट्ट्या, येईन. दर सुट्टीला येईन. बांधाशी साबणानं हात धुईन, कपडे बदलून येईन, एकेक पान उलटं करून बघीन. खराब दिसलं तर त्याच मिनिटाला हाक मारीन, हसत असलो तरी. आणि सगळं चांगलं दिसलं तर तेही तोंडावर सांगीन, मग मला कितीही वाईट वाटो.